छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा निसर्गाकडे : चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांची जीवनयात्रा

उरण, प्रतिनिधी

द्रोणागिरीचा डोंगर, करंजाचे बंदर, पिरवाडीचा किनारा, खाडीलगतची मिठागरे आणि समुद्रात समोर दिसणारे घारापुरीचे बेट. उरण तालुक्याचा हा भूगोल चित्रकाराला मोह पाडणारा आहे. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि या परिसराचे रूप पालटू लागले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, त्याच वेळी उपनगरी लोकलही उरणपर्यंत पोहोचली. मुंबई जवळ आली, मिठागरे मात्र आटत चालली. अशा परिसरात आयुष्यभर नोकरी करून मोकळ्या झालेल्या माणसाला कधीतरी वाटते की, शाळेत सुटलेली रंगपेटी आता उघडावी, समोरची खाडी कागदावर उतरवून ठेवावी. त्यापाठोपाठ मनात शंका येते, ती उशीर झाल्याची. या वयात चित्रकार होता येते का, आणि निसर्गचित्रांच्या बळावर उत्तरायुष्य उभे करता येते का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठी माणसाने ज्यांच्याकडे पाहावे असे एक मोठे नाव आहे नारायण श्रीधर बेंद्रे. कन्नड कवी द. रा. बेंद्रे आणि इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे ही नावे वाचकांना ठाऊक असतात, त्यामुळे कधी कधी गल्लत होते. ना. श्री. बेंद्रे हे चित्रकार. कलाक्षेत्रातील पिढ्यान् पिढ्या त्यांना बेंद्रे सर म्हणून ओळखत आल्या. बडोद्याच्या प्रसिद्ध कला विद्याशाखेचे अधिष्ठातापद त्यांनी १९६६ मध्ये सोडले, तेव्हा ते वयाच्या छप्पन्नाव्या वर्षात होते. बहुतेक माणसे या वयात निवृत्तिवेतनाचा हिशेब मांडतात. बेंद्रे यांनी मुंबई गाठली आणि पुढची पंचवीस वर्षे केवळ चित्रे काढली. त्या पंचवीस वर्षांत त्यांनी जे निवडले आणि जे सोडून दिले, त्यातच त्यांच्या आयुष्याचे मर्म आहे.

माळव्यातील पहिले धडे

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूर येथे एका मराठी कुटुंबात झाला. होळकरांच्या राजवटीमुळे इंदूरमध्ये मराठी कुटुंबांची मोठी वस्ती होती आणि शहराच्या सांस्कृतिक जीवनावर मराठीची दाट छाया होती. बडोदे, ग्वाल्हेर, देवास आणि धार या संस्थानी गावांप्रमाणेच येथेही संगीत, नाटक आणि चित्रकला यांना आश्रय मिळत असे.

इंदूरच्या कलाजीवनाला निर्णायक वळण मिळाले ते दत्तात्रय दामोदर देवळालीकर या शिक्षकामुळे. १९२७ मध्ये इंदूर येथे कलाशाळा सुरू झाली आणि देवळालीकर मास्तरांनी तिला आपला चेहरा दिला. त्या काळी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक पुतळ्यांच्या प्रतिकृतींवरून रेखाटन आणि बसलेल्या व्यक्तीचे हुबेहूब चित्रण यांना मोठे महत्त्व होते. इंदूरची मुले मात्र रंगपेटी घेऊन घराबाहेर पडत. गावातील अरुंद गल्ल्या, नदीकाठचे घाट, भिंतीवर पडलेले दुपारचे ऊन, पावसानंतरची काळी माती हे त्यांचे अभ्यासाचे विषय होते. जाड, अपारदर्शक जलरंगांचे ठसठशीत पट्टे मारून क्षणार्धात बदलणारा प्रकाश पकडण्याची सवय या शाळेने लावली. विष्णू चिंचाळकर, दे. ज. जोशी आणि मकबूल फिदा हुसेन हेही याच परंपरेत घडले.

उघड्यावर बसून चित्र काढण्याची ही रीत मूळची युरोपातील. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकी चित्रकाराने रंग भरून ठेवण्याची कथलाची नळी तयार केली आणि चित्रकाराला रंग घोटत स्टुडिओत बसण्याची सक्ती उरली नाही. फ्रान्समधील दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार या नळ्या घेऊन शेतांत, नदीकाठी गेले. तेथून ती दृष्टी अनेक वळणे घेत माळव्यात पोहोचली आणि तरुण बेंद्रे यांच्या हाताला लागली. निसर्गाशी त्यांचे नाते जुळले ते असे, विशीच्या आत. त्यांच्या उत्तरायुष्यातील चित्रांचे बी या काळात पडले, हे ध्यानात ठेवावे लागते.

बेंद्रे यांनी कलाशिक्षणाबरोबर पदवीचा अभ्यासही पूर्ण केला आणि पुढे मुंबईतून कलेची शासकीय पदविका मिळवली. बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनांत त्यांची चित्रे लक्ष वेधून घेऊ लागली आणि तेथे त्यांना पदकेही मिळाली. याच काळातील एक गोष्ट हुसेन पुढे आवर्जून सांगत असत. इंदूरमध्ये उघड्यावर चित्रे काढत बसणाऱ्या या मुलाचे काम बेंद्रे यांनी पाहिले आणि त्याला चित्रकार होऊ द्यावे म्हणून त्याच्या वडिलांचे मन वळवले. बेंद्रे यांच्यातील शिक्षक तेव्हाच जागा झाला होता.

काश्मीर, शांतिनिकेतन, न्यूयॉर्क

त्या काळात केवळ चित्रे विकून घर चालवणे जवळपास अशक्य होते. संस्थानिक आणि मोजके धनिक व्यक्तिचित्रे करून घेत, निसर्गचित्राला गिऱ्हाईक क्वचितच मिळे. बेंद्रे यांनीही पोटापाण्यासाठी अनेक कामे केली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते काश्मीरमध्ये पर्यटकांसाठी असलेल्या सरकारी कार्यालयात चित्रकार-पत्रकार म्हणून राहिले. झेलमचा प्रवाह, सरोवरातील शिकारे, चिनारांची रांग आणि क्षितिजावरचा बर्फ यांनी त्यांची रंगदृष्टी विस्तारली. माळव्याचे ऊन पिवळे आणि कोरडे, तर काश्मीरचा प्रकाश निळसर आणि ओला. दोन्ही प्रकाश डोळ्यांत साठवून ते परतले. त्यानंतर काही काळ त्यांनी मद्रासमध्ये चित्रपटांच्या कलादिग्दर्शनाचे कामही केले.

१९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला जाऊन राहिले. नंदलाल बोस, रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी या तिघांचा सहवास त्यांना तेथे लाभला. शांतिनिकेतनची निसर्गाकडे पाहण्याची रीत इंदूरपेक्षा वेगळी होती. इंदूरचा चित्रकार झाडावर पडलेला प्रकाश टिपत असे. नंदलाल बोस यांच्या विद्यार्थ्याला झाडाची वाढ समजून घ्यावी लागे. खोड कसे वळते, फांदी कोठून फुटते, पानांचा भार कोणत्या बाजूला झुकतो याचा अभ्यास करून मग रेषा ओढायची अशी तेथील शिस्त होती. पौर्वात्य चित्रपरंपरेचाही तेथे आदराने अभ्यास होई. एकाच निसर्गाकडे जाण्याच्या दोन वाटा बेंद्रे यांना अशा रीतीने पस्तिशीतच गवसल्या.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७-४८ मध्ये, ते अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचा अभ्यास केला आणि १९४८ मध्ये त्याच शहरात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. परतताना युरोपातील संग्रहालये त्यांनी पाहिली. तोवर छापील प्रतींतूनच भेटलेली पाश्चात्त्य आधुनिक चित्रकला आता प्रत्यक्ष समोर आली. वस्तूचे तुकडे करून ते नव्या रचनेत मांडणारा घनवाद, भावनेच्या भरात आकार वाकवणारा अभिव्यक्तिवाद, वस्तू पूर्णपणे टाकून देणारी अमूर्त कला, हे सारे पाहून कोणताही संवेदनशील चित्रकार हादरला असता. भारतातही तेव्हा वारे बदलत होते. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला होता आणि सुंदर निसर्गचित्रे काढणे हे जुनाटपणाचे लक्षण मानले जाऊ लागले होते.

बडोद्याची सोळा वर्षे

बडोदे येथे १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसा मेहता या विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. १९५० मध्ये तेथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली. चित्रकलेला विद्यापीठीय पदवीचा दर्जा देणारा हा देशातील आरंभीचा आणि अत्यंत महत्त्वाचा प्रयोग होता. मार्कंड भट्ट या शाखेचे पहिले अधिष्ठाते झाले, शिल्पकलेची बाजू शंखो चौधुरी यांनी उचलली आणि चित्रकला विभागाची धुरा चाळिशीच्या बेंद्रे यांच्या खांद्यावर आली. पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे कलावंत-शिक्षक त्यांना येऊन मिळाले.

बेंद्रे यांच्या हाताखाली शिकून गेलेल्यांची नावे वाचली तरी या कामगिरीचा आवाका कळतो. ज्योती भट्ट, शांती दवे, रतन पारिमू, गुलाममोहम्मद शेख, हकू शाह, काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष. एकाचे काम दुसऱ्यासारखे नाही. कोणी छायाचित्रणाकडे आणि मुद्राचित्राकडे वळले, कोणी तंत्रमार्गी प्रतीकांकडे, कोणी कथनात्मक चित्राकडे. शिक्षकाने स्वतःची शैली विद्यार्थ्यांवर लादली असती तर असे घडले नसते. १९५६ मध्ये शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून बडोदा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स स्थापन केला आणि बडोद्याचे काम इतर शहरांतील रसिकांसमोर नेले.

बेंद्रे यांचे स्वतःचे काम या काळात झपाट्याने बदलले. विद्यार्थ्यांना आधुनिक कला शिकवायची तर ती आधी स्वतःच्या हातून उतरली पाहिजे, अशा निष्ठेने त्यांनी एकामागून एक पद्धती हाताळल्या. १९५५ मधील ‘सूर्यफुले’ हे त्यांचे चित्र घनवादी रचनेकडे झुकणारे आहे. त्यात फुले आहेत, पण बागेतील उन्हात डोलणारी नव्हेत. त्यांचे आकार कोनांत आणि पातळ्यांत बांधलेले आहेत. त्याच वर्षीच्या ‘काटा’ या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायात रुतलेला काटा हा भारतीय लघुचित्रांना आणि शिल्पांना परिचित असलेला विषय. बेंद्रे यांनी त्याला आधुनिक घाट दिला. पुढे ते अमूर्ताच्याही दिशेने काही पावले चालले.

१९५९ मध्ये ते विद्याशाखेचे अधिष्ठाते झाले. प्रतिष्ठा, स्थैर्य, देशभर पसरलेले शिष्य आणि राष्ट्रीय पुरस्कार हे सारे पन्नाशीच्या आत त्यांच्या पदरी पडले होते. नोकरीतच राहून सन्मानाने निवृत्त होण्याचा मार्ग सरळ होता.

राजीनाम्यानंतरची मुंबई

१९६६ मध्ये बेंद्रे यांनी पद सोडले आणि पूर्णवेळ चित्रकार म्हणून मुंबईत मुक्काम केला. हा निर्णय किती धाडसाचा होता ते समजण्यासाठी त्या वेळची बाजारपेठ पाहायला हवी. मुंबईतील जहांगीर कलादालन १९५२ मध्ये सुरू झाले होते. पंडोल आणि केमोल्ड ही खासगी कलादालने १९६३ मधली, म्हणजे तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. चित्रे विकत घेणारा वर्ग लहान होता. लिलावगृहे, गुंतवणूक म्हणून चित्र घेणारे धनिक, परदेशी संग्राहकांची रीघ हे सारे पुढच्या काळातले. मासिक वेतन सोडून चित्रांच्या विक्रीवर संसार चालवणे म्हणजे पावसावर शेती करण्यासारखे होते.

जोखीम पैशापुरती नव्हती. अध्यापकाला रोज विद्यार्थी भेटतात, प्रश्न विचारतात, त्याचे बोलणे ऐकतात. अधिष्ठात्याच्या दारावर माणसांची ये-जा असते. स्टुडिओत एकट्याने कॅनव्हाससमोर उभे राहणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. सकाळी त्याला कोणी कामावर बोलावत नाही आणि संध्याकाळी आजचे काम झाले असेही कोणी सांगत नाही. मोठ्या पदावरून उतरलेल्या अनेकांना हे रितेपण पेलत नाही. बेंद्रे यांना ते पेलले, कारण रोज चित्र काढण्याची सवय शिक्षकीच्या काळातही त्यांनी मोडली नव्हती. प्रशासनाची आणि अध्यापनाची कामे सांभाळून त्यांनी सातत्याने चित्रे काढली होती, प्रवासात रेखाटने केली होती. नोकरी सुटली तेव्हा हात थंड पडलेला नव्हता.

ठिपक्यांतून उमललेला निसर्ग

मुंबईत आल्यावर त्यांनी आधुनिकतेच्या शर्यतीत पुढे धावण्याऐवजी मागे वळून पाहिले. अमूर्ताच्या वाटेने गेलेला हा चित्रकार पुन्हा झाड, पाणी, गुरे आणि गाव यांच्याकडे आला. घाटावर उतरणाऱ्या स्त्रिया, गाय आणि वासरू, बैलांची जोडी, माकडे, पाखरे, झाडाखाली विसावलेली माणसे हे त्यांचे विषय झाले. वरवर पाहता ते इंदूरच्या शाळेतले विषय वाटावेत. मात्र पंचविशीतला बेंद्रे समोरचे दृश्य वेगाने टिपत असे, आणि साठी-सत्तरीतला बेंद्रे ते दृश्य सावकाश, कणाकणाने उभारत होता.

या काळात त्यांनी बिंदुवादाचे तंत्र आपलेसे केले. हे तंत्र फ्रेंच चित्रकार ज्यॉर्ज सोरा याने सिद्ध केले होते. सोरा अवघी एकतीस वर्षे जगला आणि १८८४ ते १८८६ या काळात त्याने सेन नदीतील एका बेटावरच्या रविवारच्या दुपारचे सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्र रंगवले. रंग पॅलेटवर कालवण्याऐवजी शुद्ध रंगांचे लहान ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, म्हणजे थोडे दूर उभे राहिल्यावर पाहणाऱ्याच्या डोळ्यांतच ते एकत्र होतात, असा त्यामागचा विचार होता. पॅलेटवर अनेक रंग एकमेकांत मिसळले की त्यांचे तेज मंदावते. ठिपके वेगळे राहिले तर रंग ताजे राहतात आणि पृष्ठभाग लुकलुकतो.

बेंद्रे यांच्या हाती हे तंत्र मवाळ झाले. सोराच्या चित्रातील माणसे पुतळ्यांसारखी ताठ आणि मोजूनमापून उभी असतात. बेंद्रे यांच्या चित्रात ठिपके सैलावतात आणि आकारांच्या कडा विरघळतात. गायीची पाठ, तिच्यामागची भिंत आणि भिंतीवरचे ऊन एकाच धुळीने माखल्यासारखे दिसते. भारतीय खेड्यातील संध्याकाळी जनावरे परतताना उडणाऱ्या धुळीत सगळ्या वस्तू अशाच एकमेकांत मिसळतात. परदेशी तंत्राला आपल्या मातीतील कारण सापडले की ते परके राहत नाही.

या चित्रांत इंदूरचा प्रकाश आहे, शांतिनिकेतनची रेषेची समज आहे आणि घनवादाने शिकवलेली बांधणीही आहे. पाहणाऱ्याला मात्र यातले काहीच वेगळे काढून दाखवता येत नाही. चाळीस वर्षांचे शिक्षण पोटात जिरवून चित्रकार पुन्हा साधेपणाकडे आला होता.

कौतुक आणि आक्षेप

या उत्तरकालीन चित्रांना रसिकांनी मनापासून स्वीकारले. घरात लावावे, रोज पाहावे आणि कंटाळा येऊ नये असे त्यांचे रूप होते. समीक्षकांचे मत तितके एकमुखी नव्हते. बेंद्रे वारंवार शैली बदलतात, कोणत्याही एका शोधाला शेवटपर्यंत धरून राहत नाहीत, अशी टीका त्यांच्यावर होत आली. बडोद्यात ज्यांनी आधुनिकतेचे दार उघडले, त्यांनी अखेर गोड, सुखद निसर्गचित्रांत आश्रय घेतला, असेही काहींना वाटले. त्यांचे शिष्य समाज, राजकारण आणि लैंगिकता यांसारखे कठीण विषय हाताळत असताना गुरू मात्र गाय-वासरू रंगवत होते, ही तुलना टाळता येण्यासारखी नव्हती.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. बेंद्रे यांच्या काही चित्रांत माधुर्य जरा अधिक आहे. खेड्यातील दारिद्र्य, दुष्काळ, जातीच्या भिंती यांचा त्या शांत संध्याकाळीत मागमूसही नसतो. परंतु दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. ज्या माणसाला हुकमी आधुनिक चित्र काढता येत होते आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता, त्याने कलाजगतातील फॅशनच्या विरुद्ध दिशेने चालणे हेही सोपे नसते. साठीनंतर माणसाने कोणाला खूश करायचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःपुरता सोडवला होता. जे पाहून तरुणपणी हातात कुंचला धरला, तेच त्यांनी पुन्हा निवडले.

उशिरा बहरलेले इतर

उतारवयात चित्रकलेकडे वळलेल्यांची उदाहरणे जगात अनेक आहेत. रवींद्रनाथ ठाकूर साठीत असताना हस्तलिखितातील खोडलेल्या ओळी जोडत जोडत चित्रांकडे गेले. १९२४ मधील ‘पूरबी’च्या हस्तलिखितात त्यांच्या या छंदाच्या खुणा ठळकपणे दिसतात. मे १९३० मध्ये पॅरिस येथे त्यांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा ते एकोणसत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पुढच्या अकरा वर्षांच्या कामासह त्यांच्या चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. त्यातील सूर्यास्ताच्या पिवळ्या उजेडात उभी असलेली काळोखी झाडे विसरता येत नाहीत.

अमेरिकेत ग्रँडमा मोझेस या नावाने प्रसिद्ध झालेल्या शेतकरी आजीबाईंचा जन्म १८६० मधला. संधिवातामुळे भरतकाम जमेनासे झाले म्हणून सत्तरीच्या उत्तरार्धात त्या रंगांकडे वळल्या. १९४० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि १९६१ मध्ये एकशे एकाव्या वर्षी निधन होईपर्यंत त्या शेतांची, बर्फाची आणि सुगीची चित्रे काढत राहिल्या. क्लोद मोने याने तर आयुष्याची अखेरची जवळपास तीस वर्षे आपल्या बागेतील कमळतळ्याला वाहिली. मोतीबिंदूने रंग दिसेनासे झाले, १९२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, तरी काम थांबले नाही.

महाराष्ट्रातही प्र. अ. धोंड यांचे उदाहरण आहे. कलाशिक्षण आणि प्रशासन यांत आयुष्य वेचलेल्या धोंड सरांची खरी ओळख रसिकांच्या मनात कोकणच्या सागराची जलरंगातील चित्रे हीच राहिली.

या मंडळींत आणि बेंद्रे यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. रवींद्रनाथ किंवा ग्रँडमा मोझेस यांच्यापुढे कोरा कागद होता. कलाशिक्षण नव्हते, म्हणून कलेतील दडपणही नव्हते. बेंद्रे यांना खूप काही येत होते, आणि त्यातले बरेचसे बाजूला ठेवून पुन्हा पाहायला शिकायचे होते. हे काम कोऱ्या कागदापेक्षा अवघड असू शकते. उलट, हातात काहीच नसताना साठीत सुरुवात करणाऱ्याला बेंद्रे यांच्यासारखे यश लगेच मिळेल अशी आशा दाखवणे हीही फसवणूक ठरेल. त्यांच्यामागे चाळीस वर्षांची साधना आणि देशभर पोहोचलेले नाव होते. चित्रांवर चरितार्थ चालला तो या पुंजीच्या बळावर.

मग आज निवृत्तीनंतर रंग हाती घेणाऱ्याने त्यांच्याकडून काय घ्यावे? घेण्याजोगी पहिली गोष्ट म्हणजे रोजचा रियाझ. नोकरीच्या धकाधकीतही अर्धा तास रेखाटनाला देणाऱ्याचा हात निवृत्तीच्या दिवशी तयार असतो. दुसरी गोष्ट पाहण्याची. मिठागरातील पाणी सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला एका रंगाचे नसते, हे रेल्वेतून जाताजाताही टिपता येते. तिसरी आणि अधिक कठीण गोष्ट म्हणजे मान सोडण्याची तयारी. काल साहेब असलेला माणूस आज शिकाऊ होतो. त्याचे पहिले शंभर कागद वाईट निघणार असतात आणि ते त्याला स्वतःच्या हाताने फाडावे लागतात.

अखेरचे सन्मान

बेंद्रे यांच्या कामाची दखल सरकार आणि समाज या दोघांनीही घेतली. १९६९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ललित कला अकादमीने त्यांना आपले सर्वोच्च मानाचे सदस्यत्व दिले, तर मध्य प्रदेश सरकारने कालिदास सन्मान देऊन आपल्या भूमीत जन्मलेल्या या कलावंताचा गौरव केला. १९९२ मध्ये पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पद सोडल्यानंतरची जवळपास सव्वीस वर्षे त्यांनी काम केले होते. बडोद्यातील अध्यापनाच्या सोळा वर्षांपेक्षा हा काळ मोठा आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात बरेचदा निसटून जाते.

बॉम्बे आर्ट सोसायटीतर्फे तरुण चित्रकारांसाठी बेंद्रे-हुसेन या जोडनावाने शिष्यवृत्ती दिली जाते. एके काळी इंदूरच्या उन्हात चित्र काढत बसलेल्या मुलाला ज्याने हेरले, त्या शिक्षकाचे आणि त्या मुलाचे नाव असे एकत्र राहिले आहे.

उरणची मिठागरे आणि खाडीकाठ यांचे उद्या काय होईल ते नियोजनाच्या नकाशांवर ठरेल. कोणी ते आज पाहून कागदावर उतरवले तर निदान त्यांची आठवण राहील. त्यासाठी बेंद्रे यांच्याइतके मोठे चित्रकार असण्याची गरज नाही. रंगपेटी उघडायला छप्पन्नावे वर्ष उशिराचे नाही, एवढा विश्वास त्यांच्या आयुष्यातून नक्कीच मिळतो. त्यापुढचे काम मात्र ज्याचे त्याने रोज करावे लागते.